अपुरी चासी

हॉलिस दुपारचा झोपलाय याची खात्री करून व्हर्ला गॅरेजमध्ये आली. दार आतून लावलं, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला आणि ग्राइंडर सुरू केला. सकाळी नवऱ्यानं मारलेले वेल्डिंगचे सात टाके तिनं एकेक करून कापले, घासून काढले. लोखंडी पट्टी सुटली. ती तिनं क्लॅम्पमध्ये पुन्हा अडकवली, काल होती तशीच. खाली पडलेला चुरा झाडून घेतला. हॉलिस कानातली यंत्रं काढून झोपायचा, त्यामुळे आवाजाची भीती नव्हती. तिला भीती वाटायची ती स्वतःच्या हातांची. ते आता फार सराईत झाले होते.

सात महिने हे चाललं होतं.

हॉलिस स्ट्राउडनं बेकर्सफील्डच्या तेलविहिरींवर चाळीस वर्षं पाइप जोडले. तरुणपणी तो एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर हॉट रॉड पळवायचा. जुनी गाडी सोलायची, आत दांडगं इंजिन बसवायचं आणि धुरळा उडवत सुटायचं. त्यांतलीच एक, १९३२ सालची गाडी अजून गॅरेजमध्ये होती. इंजिन तयार होतं, वरची बॉडी रंगवून तयार होती. अडलं होतं ते चासीपाशी, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापाशी. तिच्या दोन लांब दांड्या एका अंगानं उघड्या होत्या. आतून पट्ट्या मारून त्या बंद केल्याशिवाय तिला इंजिनाचा जोर सोसला नसता. डावी दांडी झाली होती. उजवी राहिली होती.

फेब्रुवारीत हॉलिस पाव आणायला म्हणून पिकअप घेऊन गेला आणि हायवेवर उलट्या दिशेनं जाताना सापडला. समोरून एक बाई येत होती, मागच्या सीटवर दोन मुलं. तिनं आपली गाडी खड्ड्यात घातली म्हणून सगळे वाचले. मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. व्हर्लानं पिकअप भावाकडे पाठवून दिली.

"नेऊ दे," हॉलिस म्हणाला. "माझी चासी झाली की मी माझी गाडी चालवीन. मला अडवून तर बघ!"

तो शेजाऱ्यांची नावं विसरला. एकदा तर तिचंही विसरला. पण वेल्डिंगचा मास्क तोंडावर ओढला की त्याचे हात काही विसरत नसत. गॅरेजमध्ये तो शीळ घालायचा. गॅरेजला कुलूप लावलं तर हा माणूस संपेल, आणि चासी पुरी झाली तर रस्त्यावर आणखी कुणी संपेल. म्हणून तिनं ग्राइंडर उचलला होता.

"काल मी इथं टाके मारले होते ना गं?" तो सकाळी विचारायचा.

"काल तू नुसती मापं घेतलीस."

"हं. मापं." तो कपाळ चोळायचा आणि कामाला लागायचा.

सप्टेंबरात ड्वेन प्रुइट आला, एल मिराजच्या दिवसांतला सोबती. चासीभोवती एक फेरी मारून तो हसला.

"लेका, ईस्टरला आलो तेव्हाही इथंच होतास! तेलविहिरीवर खरंच पाइप जोडायचास, की सावलीत बसून पगार खायचास?"

हॉलिसही हसला. ड्वेन गेल्यावर मात्र तो स्टुलावर बसून राहिला. दांडीच्या उघड्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"व्हर्ला, माझं वेल्डिंगही गेलं का गं? बाकीचं जातंय, ते कळतं मला. पण एवढं तरी राहील असं वाटलं होतं."

उत्तर तिच्या ओठांवर होतं. एकच वाक्य. पण "कॉफी गार होतेय," एवढंच ती म्हणाली.

त्या दुपारी तिनं चष्मा चढवला, ग्राइंडर हातात घेतला. मग ग्राइंडर खुंटीला टांगून घरात निघून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलिस चासीपुढे थबकला. कालचे टाके जागच्या जागी होते. त्यानं प्रत्येकाला बोट लावून पाहिलं. शीळ मात्र घातली नाही. मास्क ओढला आणि पुढचा टाका मारला.

त्यानंतर पट्टीवरचे टाके रोज वीतभर पुढे सरकू लागले. त्यानं फळीवरचं जुनं हेल्मेट काढून पुसलं. ड्वेनला फोन केला. "रविवारी ये. इंजिन चढवू." व्हर्लाला दिवसभर त्या खड्ड्यातल्या गाडीतली मुलं दिसत. इंजिन कुणाला तरी देऊन टाकावं, टायर फाडावेत, पोलिसांना कळवून ठेवावं, काय काय तिच्या मनात येऊन गेलं. पण मग तो "का?" म्हणून विचारणार होता.

शुक्रवारी दुपारच्या जेवणाआधी शेवटचा टाका पडला. हॉलिसनं हातोडीनं त्यावरची खपली उडवली. टेप घेऊन कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलं, मग दुसऱ्या बाजूनं तसंच. दोन्ही मापं तंतोतंत आली.

"बघ," तो म्हणाला. किती तरी दिवसांनी त्याचे डोळे लख्ख होते. "केसाचाही फरक नाही."

"सुरेख झालंय," व्हर्ला म्हणाली, आणि ते खरंच होतं.

जेवताना तिनं आपलं ताट तसंच बाजूला सारलं. हॉलिसनं मात्र सगळ्या घेवड्याच्या बिया संपवल्या, मक्याचा पावही संपवला. ताट सिंकमध्ये ठेवलं आणि रोजच्यासारखा झोपायला निघाला. खोलीच्या दाराशी तो थांबला. मागे वळून न बघता म्हणाला,

"आज ग्राइंडर जरा हलक्या हातानं चालव. तिथं लोखंड पातळ होत चाललंय."