धावण्याचे बटण

संगणकावरच्या नव्या खेळातले डोंगर, धुके आणि जांभळी संध्याकाळ पाहून निर्मातेसाहेब गहिवरले होते. जाहिरातीत प्रेरणा म्हणून अभिजात तैलचित्रांचा उल्लेख करण्याचेही त्यांनी ठरवले होते. ती चित्रे त्यांनी कधी पाहिली नव्हती, ही बाब गौण. अडचण एकच होती. शेवटच्या प्रकरणात मुलगी म्हाताऱ्या वडिलांचा हात धरून घाट चढते, आणि फार हळू चढते.

"अहो बाई, लोक झोपतील! पोरीला पळवा, नाहीतर हे प्रकरणच कापतो."

"हा वेग माझ्या बाबांचा आहे," खेळाची दिग्दर्शिका म्हणाली. "अर्धांगवायूच्या झटक्यानंतर मी त्यांना हात धरून चालवायचे. खेळ सुचला तो तिथे, तैलचित्रांत नाही."

"बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि सोमवारी मला धावायचं बटण दाखवा."

तिने वाद घातला नाही. सोमवारी बटण तयार होते. साहेबांनी ते मोठ्या समाधानाने दाबले. मुलगी सुसाट सुटली, वळणांमागून वळणे मागे पडली आणि डोळ्यांचे पारणे फिटावे अशा संध्याकाळी ती माथ्यावर पोहोचली. एकटीच.

"म्हातारा कुठाय?"

"धावलं की हात सुटतो, साहेब."

साहेबांनी मुलीला मागे वळवायचा प्रयत्न केला. ती वळेना. मग त्यांनी एकेक करून सगळी बटणे दाबली, आधी हळू, नंतर जोरात.

"अहो, परत जायचं बटण कुठलं?"

"ते तुम्ही मागितलं नव्हतं."