टॅबमधली अंधारी खोली

“ही खोली हाय का भुयार?” शेखलालनं टॅब डोळ्यांजवळ नेला.

त्याच्या बायकोनं, खुर्शिदनं, व्हिडिओ पुन्हा लावला. शिक्रापुरातली भाड्याची नवी खोली सून फिरवून दाखवत होती. “हे किचन, अम्मी. ही खिडकी. हा आमचा पलंग.” आसमीनचा आवाज स्वच्छ होता. भिंती मात्र काळपट, पलंग म्हणजे नुसता ढीग, आणि पलंगावर बसून हात हलवणारा त्यांचा पोरगा सोहेब म्हणजे एक हलती सावली. शेखलालनं स्क्रीनचा ब्राइटनेस टोकापर्यंत ढकलला. काही फरक पडला नाही. नवल म्हणजे छताचा बल्ब छान पेटलेला दिसत होता. त्याचा उजेड तेवढा कुठं पडत नव्हता.

दौंडातल्या कितीतरी घरांचं वायरिंग शेखलालच्या हातचं. त्यानं लगेच निदान केलं. “व्होल्टेज पडतंय. मालकानं सगळ्या खोल्या एकाच फेजवर लटकवल्यात.”

“मला काय कळतंय त्यातलं,” खुर्शिद म्हणाली. “पोरगी पोटुशी हाय. अंधारात पाय-बिय घसरला म्हंजी...”

शेखलालनं टॅब पालथा ठेवला. सोहेबनं बापाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बसायला नकार देऊन फॅक्टरीतली नोकरी धरली, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. ‘तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई,’ असं शेखलाल बोलून बसला होता. तेही भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. त्यामुळं शब्द मागं घ्यायला जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पिशवी भरली. टेस्टर, पक्कड, वायरचं भेंडोळं, नवे बल्ब. पुरावा म्हणून टॅबही घेतला.

“पोराकडं चाललो न्हाई,” त्यानं बजावलं. “घरमालकाला भेटायचंय.”

“मी कुठं काय म्हणाले?” खुर्शिदनं डबा पुढं केला. “घरमालक जेवला नसंल तर.” डब्यात सोहेबच्या आवडीचा खिमा होता.

चौफुल्याला गाडी बदलून शेखलाल शिक्रापुरात उतरला. ट्रकांच्या रांगेतून वाट काढत, विचारत विचारत त्यानं ती इमारत गाठली. घरमालक बाहेरगावी गेला होता. आता आलोच आहे तर बोर्ड बघून जावं, असं स्वतःला सांगत तो जिना चढला.

आसमीननं दार उघडलं आणि शेखलालचे डोळे दिपले. पांढऱ्याशुभ्र भिंती. खिडकीतून ऊन थेट पलंगापर्यंत आलेलं.

“लाइट कवा आली?” त्यानं विचारलं.

“गेलीच नव्हती, अब्बा,” आसमीन डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली.

सोहेब दुपारपाळीला निघायच्या तयारीत होता. बापाला दारात बघून त्याच्या हातातला बूट हातातच राहिला. शेखलालनं पिशवीतून टॅब काढला आणि केसचा कागद पुढं करावा तसा पोरासमोर धरला. “हे बघ. तुमच्या खोलीची दशा.”

सोहेबनं व्हिडिओ बघितला. खिशातला फोन काढून टॅबशेजारी धरला. तोच व्हिडिओ. फोनवर लख्ख, टॅबवर अंधार.

“अब्बा, नवीन फोन एचडीआरमधी व्हिडिओ काढतो. त्यात उजेड लई भरलेला असतो. या फोनच्या स्क्रीनला तेवढा फेकता येतो. टॅबला न्हाई. मग बल्ब नुसता पांढरा गोळा दिसू नये म्हणून टॅब बाकी सगळं दाबतो. भिंती, माणसं, सगळं.”

शेखलालनं दोन्ही स्क्रीन निरखून बघितले. “म्हंजी मोटर पाच एचपीची आन् लाइन घरातली.”

“व्हय,” सोहेब म्हणाला. “अगदी तसंच.”

बऱ्याच काळानं दोघांचं कशावर तरी जुळलं होतं. त्यामुळं दोघंही जरा बावरले.

पण शेखलाल रिकाम्या हातानं परतणारा माणूस नव्हता. त्यानं सगळे पॉइंट तपासले. व्होल्टेज ठीक, वायरिंग ठीक. शेवटी किचनचा बोर्ड नळाच्या फार जवळ आहे, एवढी चूक त्याला सापडली आणि त्याचा चेहरा उजळला. “हे कुणी केलंय? पोरीला शॉक बसंल!” त्यानं बाह्या सरसावल्या. सोहेबनं सुपरवायझरला फोन करून सुट्टी टाकली आणि स्टूल धरायला उभा राहिला. काम संपलं तेव्हा डबा उघडला. घास तोंडात असताना शेखलालला ‘दारात पाय ठेवणार न्हाई’ आठवलं. त्यानं घास गिळला आणि अजून एक चपाती मागितली.

जेवण झाल्यावर तो भिंतीला टेकला आणि तिथंच घोरायला लागला.

सोहेबनं आसमीनच्या कानाशी लागून सांगितलं, “ही एचडीआरची सेटिंग बंदच करतो. अम्मी पण घाबरली असंल तिकडं.”

आसमीननं फोनवर हात ठेवला. “अम्मींना समदं ठाऊक हाय. अंधार का दिसतोय म्हणून त्यांनी लगेच विचारलं. तवाच मी माझ्या जुन्या फोनवर साधा व्हिडिओ काढून पाठवला. टॅबवर झकास दिसला.”

“मग अब्बांनी तो बघितला न्हाई?”

“अम्मींनी पुसून टाकला. म्हणाल्या, उजेडातली खोली दाखवली तर हे घरातनं हलायचे न्हाईत.”