चौथी रणचंडी

चौथ्या ‘रणचंडी’वर नारळ वाढवायचा मान चांगुणाबायला दिला होता, कारण तिसरीबरोबर तिचा मुलगा नंदेश बुडाला. नवी युद्धनौका जुनीचं नुसतं नावच नाही, तर आठवणीही घेऊन यायची. चांगुणाबायनं लोखंडावर हात ठेवून विचारलं, “बाय गं, माझा नंदेश शेवटी काय बोलला?”

“मावशी, दोनशे वर्षांपूर्वी पहिल्या रणचंडीवर कुणी चहा सांडला, तेही मला आठवतं,” नौका म्हणाली. “बुडाल्याचा दिवस तेवढा आठवत नाही.”

“तो आम्ही पुसला,” कप्तान म्हणाला. “नाहीतर नौका घाबरते.”

“आणि माझा पोर नसंल घाबरला?”

कप्तानानं बँडवाल्यांना खूण केली.

चांगुणाबायनं नारळ नौकेवर वाढवला नाही. नारळी पुनवेला देतात तसा अख्खाच दर्यात सोडला. नंदेश तिथंच होता.