बादलीतला सेन्सर

"बादलीत सोड," मामा म्हणाला. "फक्त आजचा दिवस."

भाचीने सेन्सरच्या केबलचा मनगटाभोवती एक वेढा दिला आणि ती घट्ट धरली. ती या कारखान्याच्या सांडपाणी केंद्रावरची मीटरवाली. तो तिथला मॅनेजर. घरी मामा, इथे साहेब, असा दोघांचा रिवाज होता. पण आज सकाळपासून साहेबांच्या खुर्चीत नुसता मामाच बसला होता. तेव्हाच तिने ताडलं होतं, कुठेतरी पाणी मुरतंय.

दोघं उभे होते ती पत्र्याची केबिन अगदी शेवटच्या नालीवर होती. इथून पाणी भिंतीखालून थेट नदीत जायचं आणि नदीच्या पुढच्याच वळणावर खालच्या वस्तीचा पंप होता. नालीत हातभर लांब दांडा बुडालेला. त्याच्या टोकाशी दोन सेन्सर, एक अमोनिया मोजणारा, दुसरा पाण्यातले क्षार. आकडे इथल्या पडद्यावर दिसायचे आणि त्याच क्षणी शहरातल्या तपासणी कार्यालयातही. अमोनिया पन्नासच्या वर गेला की चाक फिरवून नालीचा लोखंडी दरवाजा पाडायचा. दरवाजा पडला की कारखाना बंद.

परवा टाकीत हवा भरणारं यंत्र बंद पडलं होतं. पाणी साफ करणारे जिवाणू हवेवाचून गुदमरले होते. पडद्यावर सत्तेचाळीस होते आणि आकडा चढत होता.

"उद्या दुपारपर्यंत यंत्र दुरुस्त होतंय," मामा म्हणाला. "एका दिवसात नदी काही मरत नाही."

"सेन्सर धुवायचा असला तरच बादलीत ठेवायचा. दहा मिनिटं. आणि वहीत कारण लिहून सही करायची."

"मग लिही, धुतला."

"काल धुतलाय. आरशासारखा लख्ख आहे." "हे तुम्ही साहेब म्हणून सांगताय की मामा म्हणून?"

"दोन्ही म्हणून."

"साहेब म्हणून असेल तर वहीत तुम्हीच लिहा. मामा म्हणून असेल, तर मी ऐकलंच नाही."

"एवढीशी होतीस," मामाने गुडघ्याशी हात नेऊन दाखवला, "तेव्हा माझ्या खांद्यावर बसून फिरायचीस."

"म्हणूनच लांबचं दिसतं मला."

मामाने तिच्या मनगटावरून केबल सोडवली, दांडा नालीतून उपसला आणि बादली पुढे ओढली. नळाखाली धरता धरता त्याचा हात थबकला. नळाच्या पाण्यात भलतंच काही निघालं तर? फळीवर डिस्टिल्ड पाण्याचा कॅन होता, प्रयोगशाळेतली भांडी विसळायचा. शुद्धातलं शुद्ध. त्याने अख्खा कॅन बादलीत ओतला आणि नवरीला पाटावर बसवावं तसा हलकेच दांडा त्यात ठेवला.

भाचीने तोंड उघडलं. मग मिटलं. त्याने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

अमोनिया शून्य. क्षार शून्य. पडद्यावर लाल दिवा लागला आणि पाठोपाठ टेबलावरचा फोन खणाणला.

"बोला मॅडम," मामाच्या आवाजात साखर विरघळली. "बघितलंत ना, पाणी कसं एकदम स्वच्छ."

"स्वच्छ?" कार्यालयातली बाई म्हणाली. फोनमधला तिचा आवाज केबिनभर ऐकू येत होता. "अहो, क्षार शून्य येतायत. नालीच्या पाण्यात थोडे तरी क्षार असतातच. म्हणजे सेन्सर हवेत लटकतोय. तुमच्या नालीत पाणीच नाही का? कारखाना बंद आहे?"

"छे छे, जोरात चालू आहे."

"मग पाणी जातंय कुठे?"

मामाने फोनवर तळवा दाबला. "सांग तिला, धुतोय म्हणून," तो कुजबुजला. "तुझं ऐकेल ती."

भाचीने फोन घेतला. "मी मीटरवाली बोलतेय. सेन्सर बादलीत आहे, डिस्टिल्ड पाण्यात. आता परत नालीत सोडते. तुम्ही लिहून घ्या."

तिने फोन बंद न करता टेबलावर उताणा ठेवला आणि दांडा उचलला. मामा आडवा आला.

"तुला ही नोकरी कुणी लावली?"

"तुम्ही," ती म्हणाली. "मीटर वाचायला."

दांडा डुबकन नालीत गेला. आकडा आधी घुटमळला, मग सरळ चढत सुटला. पाढे म्हणावेत तशी ती खणखणीत वाचू लागली. सदतीस. शेहेचाळीस. एकोणपन्नास. तिच्या मागोमाग फोनमधून तोच आकडा परत येत होता, बाई लिहिता लिहिता पुटपुटत होती. बावन्न.

"बावन्न," फोन म्हणाला. "दरवाजा?"

दरवाजाच्या चाकापाशी मामाच उभा होता. पण त्याचे हात खिशात होते.

भाची त्याला वळसा घालून चाकापाशी गेली. कित्येक वर्षांत ते कुणी फिरवलं नव्हतं, रंगाचे थर चढून आसापाशी घट्ट बसलं होतं. पहिल्या हिसक्याला ते हललं नाही. दुसऱ्याला तिच्या तळव्याचं साल निघालं. तिने एक पाय भिंतीला लावला, ओठ दाताखाली धरला आणि सगळा भार चाकावर टाकला. रंग तडकला. चाक फिरलं. दरवाजाची लोखंडी फळी करकरत खाली उतरली आणि तळाला टेकली.

नालीतलं पाणी फळीशी येऊन अडलं. फुगलं. मग काठावरून सांडून, फरशीवरून संथपणे मामाच्या बुटांकडे निघालं.

मामा एक पाऊल मागे सरला.