कावासेमीचं अक्षर

"परत उभा आहे तो," खिडकीच्या फटीतून बघत नुइ म्हणाली. "तांदळाच्या दुकानापाशी. शिगेयोताई, आज तिसरा दिवस."

शिगेयोने तपासायची मुद्रितं बाजूला सारली. बायकांनी चालवलेल्या त्या मासिकाचा मागचा अंक तोक्योच्या पोलिसांनी जप्त केला होता. नवऱ्याचं घर सोडणाऱ्या बाईची कथा समाजाला घातक ठरली होती. लेखिकेचं टोपणनाव कावासेमी, एवढंच छापलं होतं. तिला पकडून देईल असा आता एकच पुरावा उरला होता, तिचं हस्ताक्षर. म्हणून हस्तलिखित छापखान्यातून परत आलं की शेगडीत घालायचं, असा इथला नियम होता. ही कथा मात्र शिगेयोच्या हातून जळली नव्हती. फार आवडली होती तिला.

जिना करकरला. दारात तोच पन्नाशीचा माणूस उभा राहिला. अंगात पोलिसाचा गणवेश नव्हता, साधा काळा किमोनो होता.

"या," नुइ म्हणाली. "जेवतच होतो. बांगडा घ्या थोडा."

"मासे सध्या खात नाही."

"साहेबांना आमचं कुठलं चालायला," नुइ पुटपुटली.

तो शिगेयोकडे वळला. "कावासेमीच्या कथेचे मूळ कागद आहेत का?"

"लेखिकांची नावं आम्ही सांगत नाही."

"नाव ठाऊक आहे मला. घरही. फक्त अक्षर हवंय तिचं."

 "बघते," म्हणत शिगेयो आत गेली आणि दार ओढून घेतलं. कपाटातलं बाड काढून ती एकेक पान शेगडीत टाकू लागली. बाहेर नुइ मुद्दाम कप वाजवत होती, तांदळाच्या भावाबद्दल बडबडत होती.

"काहीतरी जळतंय," माणूस म्हणाला.

"शेजारीण मासे भाजते," नुइ म्हणाली.

शेवटचं पान काळं पडल्यावरच शिगेयो बाहेर आली. बोटं पोळली होती.

"कागद होते. आत्ताच जाळले. न्यायचं तर मला न्या."

त्याची नजर तिच्या बाहीवरच्या राखेवर गेली.

"कुठे नेऊ, बाई? मुलगी होती ती माझी. तिला जाऊन पंधरा दिवस झाले," तो म्हणाला. "घरातलं तिचं लिखाण मीच जाळलं होतं, ती जिवंत असताना."