साहेबांना प्रत नाही

"आधी प्रत माझ्या पेनड्राइव्हवर द्या. मगच मूळ नोंदींना हात लावा." रुग्णालयाचे व्यवस्थापक पुन्हा दारात.

ताईंनी पडद्यावरून नजर काढली नाही. "प्रत खोलीबाहेर गेली की त्यात कोण काय बदलेल, कुणी सांगावं?"

"म्हणजे मी बदलीन?"

"मी कुठं तुमचं नाव घेतलं, साहेब?"

"रोजच्या प्रती असतात ना?"

"डिस्क भरली होती. जागा करायला पुसल्या. कळवलं होतं तुम्हाला."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरची बाई कान देऊन ऐकत होती. तिची मुलगी याच रुग्णालयात दगावली होती. वारंवार बोलावूनही सर्जन आले नाहीत, असं नर्सनं त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं होतं. पुढे नर्सनं जबाब फिरवला. उरली ती नोंद. पण ती जुन्या पद्धतीच्या अक्षरांत साठवलेली. नव्या यंत्रणेला वाचता येईना. उद्या चौकशी समिती बसणार, म्हणून आज सगळ्या नोंदींची अक्षरं बदलायची होती.

ते काम करणाऱ्या ताई बाहेरच्या कंपनीच्या. रुग्णालयाशी घेणं ना देणं. बाईचा भरवसा त्यांच्यावरच.

"त्यांना देऊ नका हो ताई. मांजरालाच दुधाची राखण दिल्यासारखं होईल."

व्यवस्थापकांचे कान लाल झाले. "अहो बाई, प्रत नसताना काही चुकलं तर..."

"चुकावं असंच वाटतंय तुम्हाला!"

ताईंनी उठून त्यांच्या तोंडावर दार लावलं.

मग बाईला जवळ बोलावलं. एकच नोंद पडद्यापुरती बदलून दाखवली. मुलीचं नाव सुबक उमटलं. खाली नर्सचं वाक्य. बाईनं काचेवर बोट ठेवलं आणि तिथंच राहू दिलं.

"असंच येईल ना सगळं?"

"जुनी अक्षरं कुठल्या पद्धतीची, ते यंत्राला बरोबर सांगितलं की येतं."

"आणि चुकीचं सांगितलं तर?"

"तर नुसती प्रश्नचिन्हं. ती परत अक्षरं होत नाहीत." ताईंनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "तुम्ही बाहेर थांबा. कुणाला आत सोडू नका."

बाई दाराला पाठ लावून उभी राहिली.

पडद्यावर:

*जुनी पद्धत निवडा.*

ताईंनी यादी खाली सरकवली. मघाशी बाईला दाखवताना निवडलेली पद्धत मागे पडली. आणखी खाली.

*प्रत आढळली नाही. तरीही पुढे जायचं?*

हो.

*मूळ माहिती कायमची बदलेल. नक्की?*

हो.

बाहेर बाईचा आवाज चढला. "आधी मला बाजूला करा, मग जा आत!"

टेबलावरचा फोन थरथरला. ताईंनी तो कानाला लावला.

"आई, झालं?"

"झालं," ताई हळूच म्हणाल्या. "जेवून घे आता. उद्या तुला ऑपरेशनं आहेत."