चौथं सेशन

हेमांगीच्या स्क्रीनवर मेनफ्रेमची, म्हणजे बँकेच्या मोठ्या संगणकाची, चार सेशन उघडी होती. तीन बँकेच्या कामाची, चौथ्यात तिची वारलेली आई बोलायची. आईने आतून सेशन बंद केलं, तर ते पुन्हा उघडणार नव्हतं.

“जेवलीस का गं?” आईची ओळ उमटली. बराच वेळ काही न दाबल्याने सेशन तुटू नये म्हणून हेमांगीने नेहमीसारखं नुसतं एंटर दाबलं.

“अगं, दोन शब्द तरी टाक,” शेजारच्या टेबलावरचा दस्तगीर म्हणाला. “नुसत्या एंटरवर काय आईची बोळवण करतेस!”

ती ओशाळली. घाईघाईने तिने लिहिलं, “आई, तुझी फार आठवण येते गं.”

ओळ बँकेच्या सेशनमध्ये गेली. ‘आज्ञा कळली नाही,’ यंत्राने उत्तर दिलं.

धडपडत तिने चौथं सेशन समोर आणलं.

“कामात दिसतेस. येते मी,” आईने लिहिलं होतं. त्याखाली कर्सर नव्हता.